चौकोनी शेपटीची बिटं

सांबरा, २१ एप्रिल

लांबी हातभर. वर लाकडी टोपी, खाली बिट धरायचं तोंड, आणि दोन्हींच्या मधे पोलादी सळईला दिलेला चौकटी वाक. वाकावर सैल फिरणारी लाकडी मूठ. डाव्या हातानं टोपी दाबायची, उजव्या हातानं मूठ फिरवायची. सुतारमामा याला गिरमिटच म्हणतात. शाळेच्या वर्कशॉपात मुलांना शिकवताना आम्ही ब्रेस म्हणायचो.

मामांनी आज माळ्यावरची हत्यारांची पेटी उतरवली. जुन्या हत्यारांची चित्रं काढून, मापं लिहून ठेवायचा माझा उद्योग गल्लीला माहीत झालाय. "सर, ह्ये बघा की. आमच्या आज्ज्याचं हाय," म्हणून त्यांनी ते माझ्या हातात दिलं.

तोंडाजवळचा गंज बोटानं पुसला तर खाली तीन रेघांचा बाण ठोकलेला. ब्रिटिश सरकारी मालावर ही खूण असे, मग ते फावडं असो की तोफ. बनवणाऱ्याचं नाव होतं तिथं आता खडबडीत जागा उरलीय. आमच्या गावाशी या बाणाचा मेळ बसतो. सांबऱ्याचा विमानतळ १९४२ साली रॉयल एअर फोर्सनं बांधला. युद्ध संपल्यावर देशभर लष्करी सामान 'डिस्पोजल'मध्ये निघालं आणि तंबू, डबे, पाने, हातोडे बाजारात आले. मामांचे आजोबा तळावर लाकूडकामाला जात. गिरमिट तिथूनच घरी आलं असं त्यांच्याकडे सांगतात.

हत्यार धड आहे. वाक मुरगळलेला नाही, टोपी फुटलेली नाही. मग माळ्यावर का पडलं, म्हणून विचारलं.

"बिटं मिळंनात. नुसतं यंत्र घेऊन काय चाटायचंय?"

उत्तर लिहून ठेवलं. हत्यार शाबूत आणि तरी निकामी, याचा छडा लावायचा.

२४ एप्रिल

पेटीत सामताही निघाला, आज्ज्याच्याही आधीचा. हातभर लाकडी दांडी, टोकाला भाल्यासारखं चपटं पातं, वरचं टोक फिरायला करवंटीचा तुकडा. दांडीला चामड्याच्या वादीचा एक वेढा, वादीची दोन्ही टोकं धनुकलीला बांधलेली. धनुकली मागंपुढं ओढली की दांडी उलटसुलट फिरते आणि पातं लाकूड खरवडत खाली उतरतं.

भोक पाडायची ही युक्ती फार जुनी. बलुचिस्तानात मेहरगढला नवाश्मयुगातली दफनभूमी सापडली. तिथं नऊ माणसांचे अकरा दात कोरलेले निघाले, साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीचे, तेही जिवंतपणी कोरलेले. गारगोटीचं टोक लावलेल्या सामत्यानं हे काम केलं असावं, असं संशोधकांनी २००६ साली मांडलं. खंबायतला अकिकाच्या मण्यांना पिढ्यान्‌पिढ्या धनुकलीनंच भोकं पाडली. आपल्या किनाऱ्यावर काथ्यानं शिवलेल्या होड्या असत. त्यांच्या फळ्यांच्या कडेनं हात-दीड हात अंतरावर नव्हे, चांगली दाट भोकांची ओळ पाडावी लागते, तेव्हा कुठं शिवण बसते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रावरून गोव्यात बांधलेलं 'कौंडिण्य' हे शिवलेलं जहाज मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालं, त्यालाही खिळ्यांऐवजी काथ्याची शिवणच आहे.

मामांनी सामता चालवून दाखवला. वादी सुकून कडक झालेली, म्हणून तिला आधी गोडंतेल चोळलं. पाचर ठोकण्याजोगं बारीक भोक बघता बघता पडलं. अंगठ्याएवढं भोक मात्र त्याच्या आवाक्याबाहेरचं. कारण फिरण्यातच आहे. पातं एकदा उजवीकडं फिरतं, एकदा डावीकडं. दोन्ही बाजूंनी चालायचं तर धार कुठल्याच बाजूला तीक्ष्ण ठेवता येत नाही. ते कापत नाही, खरवडतं. आणि पुढं लाकडात शिरणारा स्क्रू लावावा तर उलट्या फेऱ्यात तो तेवढाच बाहेर येणार.

एक गुण मात्र नोंदवायला हवा. दांडी लाकडाची, वादी चामड्याची, करवंटी परड्यातली, पातं गावच्या लोहाराचं. सामत्यातला कुठलाही भाग मोडला तर गावाबाहेर जावं लागत नाही.

२८ एप्रिल

वाक कुठून आला ते आज वाचत बसलो.

युरोपात या हत्याराची पहिली ठळक खूण पंधराव्या शतकातल्या चित्रांत मिळते. रॉबेर काँपँच्या चित्रशाळेतून १४२७ ते १४३२ च्या सुमारास तीन फळ्यांचं एक धार्मिक चित्र बाहेर पडलं. ते आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या क्लॉइस्टर्स विभागात आहे. मधल्या फळीवर मेरीला देवदूत शुभवार्ता सांगतोय, आणि उजव्या फळीवर जोसेफ आपल्या दुकानात बसून पाटाला ओळीनं भोकं पाडतोय. हातात ब्रेस. चित्रकारानं हत्यारं इतकी बारकाईनं काढलीत की सुतारानं बघितलं तर नजर देवदूतावरून लगेच उजवीकडं जाईल.

त्या चित्रातला जोसेफ आज मामांच्या पडवीत आला तर त्याला गिरमिट चालवायला शिकवावं लागणार नाही. टोपी, वाक, मूठ, तोंड, सगळं जागच्या जागी. हात एकाच दिशेनं गोल फिरत राहतो, फेरा कुठं तुटत नाही, उलटा येत नाही. धार एकाच बाजूला लावता येते आणि ती खरवडण्याऐवजी कापते. सामत्यात जे जमत नव्हतं ते या एका वाकानं जमलं.

मग पुढची साडेचारशे वर्षं कारागिरांनी काय सुधारलं? वाकाचं साहित्य, ही एक गोष्ट. फळीतून कापलेला लाकडी वाक वळणावर कच्चा राहतो, कारण तिथं लाकडाचे तंतू आडवे तुटलेले असतात. जोर लावला की नेमका तिथंच पिचतो. इंग्लंडात शेफील्डच्या कारागिरांनी वळणांवर पितळी पट्ट्या बसवल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला विल्यम मार्पल्सनं ते उलटंच केलं: सगळा सांगाडा पितळेचा आणि त्याच्या पोकळीत आबनूस भरलेलं. त्याचं नाव 'अल्टिमेटम', म्हणजे यापुढं काही उरलं नाही अशा थाटाचं. आज जुन्या वस्तूंच्या लिलावात त्याला मोठा भाव येतो. काम करणाऱ्या सुताराला ते तेव्हाही महागच होतं. ठेकेदारानं, श्रीमंत हौशी माणसानं भिंतीवर टांगावं असं.

पण खरा झगडा वाकाचा नव्हताच. तो खाली, तोंडाशी चालला होता.

२ मे

पावसाळी ढग, उकाडा. मामांच्या पडवीत गिरमिट मोजलं.

मुठीनं काढलेल्या वर्तुळाचा व्यास दहा इंच. कारखानदार यालाच हत्याराचं माप मानत. आठ, दहा, बारा, चौदा इंची मिळत, दहाचं सगळ्यांत सोयीचं. हिशेब सोपा आहे. दहा इंची वाकात हात मध्यापासून पाच इंचांवर फिरतो. एक इंची भोकाची धार मध्यापासून अर्ध्या इंचावर कापते. म्हणजे हाताचा जोर धारेपाशी दहापट होतो. भोक अर्ध्या इंचाचं असेल तर वीसपट. दोन इंची भोकाला पाचपटच उरतो, म्हणून जाड कामाला बारा-चौदा इंची वाक लागतो.

हा जोर फुकट मिळत नाही. दहा इंची वाकात हात एका फेऱ्याला साधारण एकतीस इंच चालतो. एका फेऱ्याला बिट इंचाचा सोळावा भाग उतरत असेल तर इंचभर जाडीला सोळा फेरे, म्हणजे हाताची चाल चाळीस फुटांहून जास्त. मामांना हे सांगितलं तर हसले. "म्हंजे जुवाला भोक पाडायचं तर शेजारच्या मुतग्यापत्तोर चालायचं म्हणा की."

६ मे

आज तोंड खोललं. रात्रभर घासलेटात बुडवून ठेवलेलं, तरी फिरेना. शेगड्यात लाकडाचे ठोकळे घालून धरलं तेव्हा सुटलं.

आत काय आहे ते लिहितो. बाहेरून फिरणारी पोलादी टोपी, आतून निमुळती होत गेलेली. तिच्या पोटात दोन जबडे, प्रत्येकाला आतून उभी खाच. टोपी फिरवून आवळली की निमुळती भिंत जबड्यांना एकमेकांकडं ढकलते आणि मधल्या खाचेत बिटाची चौकोनी शेपूट घट्ट धरली जाते. शेपूटही मागं निमुळती. चार कोपरे, म्हणून कितीही जोर लावा, बिट जागेवर घसरून फिरत नाही.

ही रचना विल्यम बार्बर या अमेरिकी माणसाची, पेटंट १८६४ चं. मॅसॅच्युसेट्समधल्या मिलर्स फॉल्स कंपनीनं ती बाजारात रुजवली. पेटंटची सतरा वर्षांची मुदत सरल्यावर सगळ्यांनीच उचलली. या बाणवाल्या गिरमिटातही तीच आहे.

तिचं मोल कळायला आधीचे हाल बघावे लागतात. लाकडी ब्रेसच्या काळात प्रत्येक बिट आपापल्या लाकडी ठोकळ्यात कायमचं ठोकलेलं असे; बिट बदलायचं म्हणजे ठोकळ्यासकट बदलायचं. पुढं चौकोनी भोकाचं तोंड आणि त्यात कमानीची खिटी आली. खिटी अडकावी म्हणून प्रत्येक बिटाच्या शेपटीला कानशीनं खाच पाडावी लागे, तीही त्या एका ब्रेसच्या मापानं. एका सुताराचं बिट दुसऱ्याच्या ब्रेसला चालत नसे. १८५९ मध्ये नेल्सन स्पॉफर्डनं तोंड उभं चिरून त्याला आवळायचा स्क्रू लावला, तेव्हा गोष्टी जरा सैलावल्या. बार्बरच्या जबड्यांनी प्रश्न मिटवला. शेपूट चौकोनी आणि निमुळती असली म्हणजे झालं, बिट कोणत्याही कारखान्याचं असो.

यानंतर ब्रेस आणि बिट हे दोन वेगळे धंदे झाले. एका गावात वाक बनू लागला, दुसऱ्या गावात बिट, आणि सुतार दोन्ही तिसरीकडं विकत घेऊ लागला. पंधराव्या शतकात शरीर पुरं झालेलं हत्यार एकोणिसाव्या शतकात तोंडाशी येऊन पुरं झालं.

९ मे

पेटीच्या तळाशी चार बिटं मिळाली. तीन मळसूत्री, एक चमच्याच्या आकाराचं. मळसूत्री बिटांच्या शेपटीवर आकडे ठोकलेत: ६, ८, १२. हे इंचाचे सोळावे भाग. आठ म्हणजे अर्धा इंच, बारा म्हणजे पाऊण. दहा आणि सोळाची जागा रिकामी. तीच जास्त वापरात होती, म्हणून तीच आधी गेली.

मळसूत्री बिटाचं काम तीन टप्प्यांत चालतं. पुढचा बारका स्क्रू लाकडात शिरतो आणि बाकीच्या बिटाला आत ओढतो. मग कडेची दोन टोकदार पाती भोकाचा घेर कापून काढतात, म्हणजे तंतू फाटत नाहीत. शेवटी मधल्या दोन धारा त्या घेराच्या आतलं लाकूड उचलतात आणि मळसूत्रातून भुसा वर येतो. रसेल जेनिंग्जनं १८५५ साली दुहेरी पिळाच्या अशा बिटाचं पेटंट घेतलं. त्याआधीच्या चमचा-बिटाला पाठीवरून सगळा जोर द्यावा लागे. मळसूत्री बिट स्वतःच ओढून घेतं. वरची टोपी नुसती धरून ठेवली तरी चालते.

हे सगळं एका दिशेनं अखंड फिरण्यावर उभं आहे. सामत्याला हे बिट लावलं तर स्क्रू शिरेल आणि लगेच मागं येईल. वाक आधी आला, मळसूत्री बिट चारशे वर्षांनी आलं, पण अशा अखंड फेऱ्याशिवाय ते आलंच नसतं.

धार लावताना दोन नेम पाळायचे. कडेच्या पात्यांना कानस फक्त आतून लावायची. बाहेरून लावली तर घेर कमी होतो आणि बिट भोकात अडकतं. मधल्या धारांना कानस वरच्या, म्हणजे शेपटीकडच्या बाजूनं. स्क्रूला हात लावायचा नाही. आठ नंबरच्या बिटाचा स्क्रू बोथटलाय, कुणीतरी कधी खिळ्यावर घातलं असणार. ते आता ओढत नाही.

१४ मे

बेळगावच्या पेठेत बिटांसाठी हिंडलो. पहिल्या दुकानातल्या पोरानं बिट हातात घेऊन उलटसुलट बघितलं आणि म्हणाला, "काका, ह्याची मागची बाजू घासून गेल्या." शेपूट चौकोनीच असते हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. त्याच्याकडं गोल शेपटीची आहेत, सहा बाजूंची आहेत, हातोडा-ड्रिलची खाचवाली आहेत. दुसऱ्या दुकानात ब्रेस होता, जालंधरकडचा, पण सोबत बिटं नाहीत. तिसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्या शेठजींनी एक डबा उघडून गंजलेलं सोळा नंबरचं काढलं आणि पैसे घ्यायला नको म्हणाले. आग्रहानं दिले.

परतताना बसमध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांचा विचार डोक्यात होता. आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला १८६९ मध्ये जन्म. १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान निघालं, पुढं कडबा कापायचं यंत्र, आणि १९०३ साली लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. बेळगाव नगरपालिकेला वसाहतीसाठी कारखान्याची जागा हवी झाली, तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळ दिला आणि १९१० पासून किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावनं कारखाना घालवला; बेळगावच्या पुढच्या पिढ्यांनी उद्यमबागेत ओतशाळा उभ्या करून तो वारसा परत मिळवला.

नांगराच्या खपात एक कळीची गोष्ट होती. फाळ झिजला की नांगर टाकायचा नाही, फाळ विकत आणून बदलायचा. लाकडी नांगर सुतार घडवी आणि तोच दुरुस्त करी. एकाचा भाग दुसऱ्याला बसत नसे, आणि त्याची कुणाला गरजही नव्हती. लोखंडी नांगरानं शेतकऱ्याला तयार भागांची सोय दिली. बार्बरच्या जबड्यांनी सुताराला दिली ती हीच.

सोयीची किंमत मामा पहिल्याच दिवशी सांगून गेले. सामत्याचं पातं गावचा लोहार घडवी. जेनिंग्जच्या बिटाचा बारीक दुहेरी स्क्रू गावात घडत नाही. दूरचा कारखाना बिट काढतोय आणि दुकानदार ते ठेवतोय तोवर गिरमिट चालतं. दोघांपैकी एकानं हात आखडला की धडधाकट हत्यार माळ्यावर.

१९ मे

मामांचा नातू सुट्टीला आलाय. पुण्यात फर्निचरच्या कामावर असतो, बॅटरीचं ड्रिल कमरेला.

त्यानं गिरमिटाचा रॅचेट बघितला. तोंडाच्या वर एक कडं आहे. ते एका बाजूला फिरवलं की वाक पुढं नेताना बिट फिरतं आणि मागं आणताना नुसतं कटकट वाजतं. कोपऱ्यात, भिंतीलगत, जिथं पुरा फेरा मारायला जागा नाही तिथं अर्धा-अर्धा फेरा मारत भोक पाडायचं. म्हणजे हात पुन्हा सामत्यासारखा मागंपुढं चालतो, फक्त आता मागचा फेरा लाकडाला इजा करत नाही आणि स्क्रूही सुटत नाही.

मग त्यानं आपल्या ड्रिलचं तोंड दाखवलं. निमुळत्या नळीत तीन जबडे, बाहेरची टोपी फिरवली की पुढं सरकून आवळणारे. आर्थर जेकब्सनं १९०२ मध्ये पेटंट घेतलेली रचना. बार्बरचे दोन जबडे चौकोनाला धरत, जेकब्सचे तीन जबडे गोलाला. पिस्तुलासारख्या मुठीचं विजेचं ड्रिल ब्लॅक अँड डेकरनं १९१७ मध्ये आणलं, बॅटरीवरचं १९६१ मध्ये. मोटर नवी आली, बिटाला धरायची तऱ्हा जुनीच राहिली.

पोराला एवढं सांगितल्यावर तो म्हणाला, "आजोबा, मग ह्याचं खानदानच हाय म्हणा की आमचं ड्रिल." आहेच. पण या खानदानात मधेच शेपटीचा आकार बदलला, आणि चौकोनी शेपटीची सगळी बिटं एका पिढीत परकी झाली.

२० मे

तालुक्याच्या डॉक्टरांशी बोलता बोलता कळलं की मेंदूच्या शस्त्रक्रियेत कवटीला भोक पाडायला ब्रेसच वापरत. हडसन ब्रेस म्हणतात. अगदी हाच वाक, हीच टोपी, स्टीलचा. मोटरीवरची साधनं आली तरी सावकाश फिरवता येतं आणि हाताला हाड संपल्याचं लगेच कळतं, हा त्याचा गुण. सुताराचं हत्यार शल्यविद्येत सोळाव्या शतकातच शिरलेलं होतं.

२५ मे

वळवाचा पाऊस झाला. गावात धूळवाफेच्या पेरणीची घाई. भात कोरड्यात कुरीनं पेरायचं आणि पावसाची वाट बघायची, ही आपल्या भागातली रीत. मामांच्या पडवीत कुऱ्या येऊन पडल्यात. देशावर कुरीलाच पाभर म्हणतात.

कुरीचं सगळं मर्म चाड्यात. चाडं म्हणजे लाकडी वाटी. जितके फण तितकी भोकं. पेरणारी बाई वाटीत मुठीनं बी सोडते, ते भोकांतून वेळूच्या नळ्यांत आणि नळ्यांतून फणाच्या मागं मातीत जातं. एक भोक जरा मोठं किंवा जरा उभं झालं की त्या ओळीत दाट आणि शेजारच्या ओळीत विरळ. उगवून आल्यावर शेत बघून सुताराचं कसब कळतं, आणि तोवर दुरुस्तीची वेळ गेलेली असते.

मामांनी आज बाभळीचं नवं चाडं बारा नंबरच्या बिटानं पाडलं. रीत अशी: स्क्रू आधी उभा लावून दोन फेरे, तो धरला की गिरमिट बाहेरच्या अंगाला कलतं करायचं. मग सावकाश. तळातून स्क्रूचं टोक जेमतेम बाहेर डोकावलं की थांबायचं, चाडं उलटं करायचं, त्याच टिपक्यात स्क्रू बसवून उरलेलं भोक खालून पुरं करायचं. दोन्ही तोंडं स्वच्छ, कुठं छिलका नाही. बी अडकायला जागाच राहत नाही.

बॅटरीच्या ड्रिलनं हेच करताना टोक डोकावल्याचं कळायच्या आधीच नातवाचं बिट पार झालं. खालची कड फाटली. वेग हवा तिथं तो गुण असतो, इथं त्याचा उपयोग नव्हता.

३० मे

आज उलट बाजूही बघितली. बैलगाडीच्या साट्याला बोल्टांची बारीक भोकं पाडायची होती, पाव इंची, ओळीनं. गिरमिट काढायचं कुणाच्या मनातही आलं नाही. नातवानं ड्रिल लावलं आणि चहा व्हायच्या आत काम उरकलं. एवढ्या बारीक भोकाला वाकाचा चाळीसपट जोर लागतच नाही; तिथं फेऱ्यांची संख्या महत्त्वाची, आणि त्यात हात मोटरीपुढं टिकत नाही.

मग जू आलं. बाभूळ, वाळून दगड झालेली. शिवळा बसवायला इंचभर भोकं. ड्रिलमध्ये नातवानं चपटं बिट लावलं. पाव जाडीला मोटर गरम, अर्ध्याला बॅटरी बसली. शेठजींचं सोळा नंबरचं बिट मी दोन दिवसांपूर्वी घासून ठेवलं होतं. मामांनी टोपीवर कपाळ टेकवलं, दोन्ही हात मुठीवर, आणि बिट कुरकुरत पण न थांबता खाली गेलं. पाव इंची भोकाला मोटर आणि इंचभराला वाक: दुकानात दोन्ही हवीत, यावर आजोबा आणि नातू दोघांचं एकमत झालं. हे क्वचित होतं.

६ जून

पेरण्या उरकत आल्या. मामांकडं काम कमी, म्हणून आज पुढचं ठरवलं.

गिरमिट पुन्हा माळ्यावर जाऊ नये, तर वाकाची काळजी करून उपयोग नाही. तो अजून दोन पिढ्या टिकेल. प्रश्न शेपटीचा आहे. नातवानं एक वाट सुचवली: बाजारात मिळणारं चांगलं मळसूत्री बिट घ्यायचं, सहा बाजूंच्या शेपटीचं, आणि ती शेपूट घासून चौकोनी, निमुळती करून घ्यायची. शेपटीचं पोलाद धारेइतकं कडक नसतं, म्हणून हे जमण्याजोगं आहे. निमुळतेपण मात्र जुन्या बिटासारखंच हवं, नाहीतर जबडे टोकाला धरतील आणि मुळाशी सोडतील. उद्यमबागेतला ओळखीचा लेथवाला नमुना बघून देतो म्हणाला.

मामांना यात एक खोट दिसते. नव्या बिटांचा पुढचा स्क्रू मोटरीच्या वेगासाठी केलेला असतो, आटे लांब. एका फेऱ्याला जास्त उतरतो. मऊ लाकडाला ठीक, बाभळीला हात भरून येईल. जुन्या कारखान्यांत कठीण लाकडाला बारीक आट्यांचा आणि मऊला मोठ्या आट्यांचा स्क्रू वेगळा मिळे. म्हणून बिट निवडताना आटे मोजून घ्यायचे.

चमचा-बिट मात्र गावचा लोहार करून देतो म्हणाला. त्याला स्क्रू नसतो, नुसता पन्हाळीसारखा आकार आणि चौकोनी शेपूट. पाठीवरून जोर द्यावा लागेल, पण बनवायला सांबरा पुरेसं आहे.

लेथवाल्याकडं न्यायची यादी: आठ नंबर (जुना, स्क्रू बोथटलेला, शेपटीच्या मापासाठी), नवी बिटं अर्धा इंच, पाच अष्टमांश आणि एक इंच, प्रत्येकी एक. गिरमिट सोबत न्यायचं, म्हणजे शेपूट तिथल्या तिथं जबड्यात बसवून बघता येईल.